'ऑल-टेरेनला हवा २४च ठेवा' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांमधून सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. हायवे टायर काढा, ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, जाड नक्षीचे टायर) बसवा, हे त्याचं सार आणि खाली सहा मुद्दे. एक, ऑल-टेरेनची पकड ओल्या डांबरी रस्त्यावरही जास्त. दोन, 'दहा प्लाय'चा टायर फुटतच नाही. तीन, हा टायर कडक असतो म्हणून हवा २४ पीएसआय ठेवावी, पावसात तर नक्कीच, आणि डॅशबोर्डवरचा हवा कमी झाल्याचा दिवा पेटला तर तिकडे बघू नये. चार, एक साइज मोठा घेतला की मायलेज वाढतं. पाच, सध्या मागचे दोनच बदलले तरी चालतं. सहा, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 'एम अधिक एस' (M+S, चिखल आणि बर्फ) लिहिलं असेल तर बर्फाचीही काळजी नको.

माझ्या धाकट्या भावाने हा मेसेज मला पाठवला, पण सल्ला विचारायला नाही. ऑल-टेरेन बसवून त्याने चारही चाकांची हवा आधीच उतरवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'ताई, गाडी आता किती मऊ चालते बघ.' त्याची पिकअप डांबरी रस्ता क्वचितच सोडते. हौद्यात सामान, मागच्या सीटवर पोरं आणि हायवेला ताशी १०० चा वेग. म्हणून मेसेजचा क्रम बाजूला ठेवून मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतेय. त्याने माणसं मरू शकतात.

हवा उतरवायचं हे खूळ कुठून आलं ते सरळ आहे. वाळूत किंवा खडकांवर गाडी नेणारे हवा उतरवतात आणि ते बरोबरच करतात. दाब कमी झाला की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो, चाक रुतत नाही. पण तिथे गाडी अगदी हळू चालते, आणि डांबरी रस्ता लागायच्या आधी तेच लोक कॉम्प्रेसर काढून हवा पुन्हा पूर्ण भरतात. मेसेज लिहिणाऱ्याने यातली पहिली अर्धी गोष्ट उचलली आणि हायवेवर आणून ठेवली.

हायवेवर काय होतं ते बघा. पिकअपला सर्रास असतो तो २६५/७० आर १७ साइजचा टायर घेऊ. त्याचा व्यास साधारण ८०३ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात अडीच मीटर. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला ११ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकणाऱ्या जागी साइडवॉल दबते आणि पुन्हा सुटते. हवा कमी असली की ती जास्त वाकते, आणि वाकणारं रबर तापतं. या उष्णतेचा सगळ्यात वाईट मार बसतो तो नक्षीखालच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचा-ठोकळ्यांच्या थराखालच्या, स्टीलच्या पट्ट्यांच्या कडांना, जिथे रबर आणि स्टील एकमेकांना धरून असतात. ऑल-टेरेनची नक्षी जाड, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायलाही वेळ लागतो. म्हणजे ज्या टायरला हवा कमी चालेल असं मेसेज सांगतो, त्यालाच ती कमी चालत नाही.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांची नावं वाचा: रेडियल एटीएक्स, एटीएक्स टू आणि वाइल्डरनेस एटी. हे ऑल-टेरेन म्हणूनच विकलेले टायर होते. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोररला लागलेले, म्हणजे बहुतेक काळ साध्या पक्क्या रस्त्यावर धावणारे. वेगात असताना नक्षीचा पट्टा सुटून यायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, या टायरांशी जोडलेले २७१ मृत्यू नोंदवले. घटना जास्त करून गरम हवेच्या राज्यांत घडल्या. टायरमध्ये मुळातच दोष होता, असा निष्कर्ष त्याच प्रशासनाने २००१ मध्ये काढला, त्यामुळे सगळं खापर हवेवर फोडता येत नाही. पण फोर्डने सांगितलेला दाब २६ पीएसआय होता, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवा, आणि या चार पीएसआयवरून दोन मोठ्या कंपन्या जाहीरपणे एकमेकींवर तुटून पडल्या. माझ्या भावाच्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर कंपनीने सांगितलेला दाब ३५ लिहिलाय. मेसेजने त्याला २४ वर आणलं. हे अकरा पीएसआय झाले.

आणि तो दिवा. याच प्रकरणानंतर, नोव्हेंबर २००० मध्ये, अमेरिकेत 'ट्रेड ॲक्ट' (TREAD) हा कायदा झाला आणि त्यातून हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा तिथल्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. तिथला नियम असा की शिफारशीपेक्षा दाब २५ टक्के उतरला की दिवा पेटलाच पाहिजे. ३५ च्या गाडीत ही हद्द येते २६ च्या जरा वर. इतक्या मृत्यूंनंतर गाडीत आलेल्या दिव्याकडे 'बघू नका' असं कुणी बिनधास्त लिहून पाठवतं, आणि लोक ते पुढे ढकलतात, याचा मला मनापासून संताप येतो.

'पावसात तर नक्कीच' हेही उलटं आहे. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो, याचं एक सूत्र नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरांवर काम करून मांडलं. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचं तर दाबाचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण १६.७ ने गुणा. ३५ पीएसआयला उत्तर येतं ९९ च्या आसपास, २४ ला ८२. नक्षी घासलेली असेल किंवा पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तेव्हाचा हा हिशेब आहे, चांगल्या नक्षीचा टायर याहून बरा टिकतो. पण हवा उतरवल्यावर हा आकडा खालीच सरकतो, वर कधीच जात नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये आलेलीच नाही आणि ती यायला हवी होती. पुष्कळ ऑल-टेरेन 'एलटी' प्रकारात येतात, म्हणजे साइजच्या आधी ही दोन अक्षरं असतात. गाडी कंपनीतून साध्या टायरवर आली असेल आणि तुम्ही एलटी बसवलात, तर तेवढंच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते. दारावरचा आकडा मग पुरत नाही. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात तुमच्या साइजपुढे बघून दाब ठरवायचा, आणि तो थंड टायरवर मोजायचा, गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. साइडवॉलवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे.

आता पहिला मुद्दा, ओल्या रस्त्यावरची पकड. ऑल-टेरेनच्या ठोकळ्यांमधल्या रुंद खाचांना पाणी जायला जागा जास्त मिळते, एवढं मी मान्य करते. खोल डबक्यातून जाताना नवा ऑल-टेरेन एखाद्या झिजलेल्या हायवे टायरपेक्षा चांगला वागेल. पण रोजचा ओला रस्ता म्हणजे डबकं नव्हे. तो असतो पाण्याचा पातळ थर, आणि तिथे ब्रेक लागतो तो रबराच्या जातीवर आणि रस्त्याला किती रबर टेकलंय त्यावर. ऑल-टेरेनचं रबर दगडाने कापलं जाऊ नये म्हणून बेतलेलं असतं, खाचा मोठ्या म्हणून टेकणारं रबर कमी, आणि उंच ठोकळे जोरात ब्रेक दाबला की वाकतात. म्हणून त्याच साइजचा चांगला हायवे टायर ओल्या डांबरावर सहसा आधी थांबतो. बाजूबाजूला ठेवून दोन्हींवर हात फिरवा: हायवे टायरच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा दाट असतात, आडदांड ऑल-टेरेनवर त्या मोजक्याच. ओल्या रस्त्यावर पातळ थर कापण्याचं बरंचसं काम या चिरा करतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांवर ओल्या पकडीची ए (A) ते ई (E) अशी श्रेणी सक्तीने छापावी लागते. टायर घेताना ती श्रेणी शोधा, नक्षीचा रुबाब बघू नका.

'दहा प्लाय' हा शब्द सुती धाग्यांच्या जमान्यातला. आज तो फक्त भार श्रेणी दाखवतो, दहा थर आत नसतात. साइडवॉलमध्ये पॉलिएस्टरचे दोन किंवा तीन थर, नक्षीखाली स्टीलचे पट्टे, एवढंच. अशा टायरला खिळा लागतो, फूटपाथच्या कडेला घासून साइडवॉल फाटते आणि कमी हवेवर तो फुटतोही. रिकाम्या पिकअपला तो कडक लागतो हे मात्र खरं. बहुधा त्या कडकपणावरच भावाने हवा उतरवायचा उपाय केला. मग एवढा भार पेलणारा टायर मुळात लागत होता का, हा प्रश्न टायर घेण्याआधी विचारायचा.

मोठ्या साइजने मायलेज वाढतं म्हणे. २६५ च्या जागी २८५/७० आर १७ घातला तर व्यास ८३१ मिलिमीटर होतो, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या वर असते. इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात, बहुतेक त्यावरूनच ही समजूत पसरली असावी. पण टायर जड, नक्षी जाड, प्रत्येक वेळी वेग घ्यायला ताकद जास्त आणि ब्रेकवर ताणही जास्त. एकूण डिझेल वाढतंच. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासायला लागला, की तो प्रश्न वेगळा.

मागचे दोनच बदलायचा सल्ला फोर बाय फोरवाल्यांनी अजिबात ऐकू नये. पार्ट-टाइम फोर-व्हील (गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणारी सोय) टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडले जातात. दोन्हीकडच्या टायरांचा घेर वेगळा असला तर कोरड्या रस्त्यावर सगळा ताण गिअरांवर येतो. टू-व्हीलमध्येही पुढचे टायर एक पकड देतात आणि मागचे दुसरी, आणि वळणावर गाडी कशी वागेल याचा भरवसा राहत नाही.

'एम अधिक एस' ही नक्षीच्या रचनेबद्दल कंपनीने स्वतः केलेली नोंद, त्यामागे बर्फावरची चाचणी नसते. चाचणी पार केलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं. बर्फात जाणाऱ्यांनी ते बघावं, आणि तेही गोठलेल्या घट्ट बर्फाची हमी देत नाही.

मग ऑल-टेरेन घ्यायचाच नाही का? तुमच्या वाटेत खडी, दगड, कच्चा रस्ता नेहमीचा असेल तर जरूर घ्या. हायवे टायरची नक्षी खडीवर लवकर तुटते, ऑल-टेरेनची टिकते, मेसेजमधल्या कौतुकाला एवढा आधार नक्की आहे. महिन्यातून कधीतरी कच्चा रस्ता लागत असेल तर बंद खाचांचा आणि दाट चिरांचा सौम्य ऑल-टेरेन पुरतो. आणि डांबर सोडायची वेळच येत नसेल तर हायवे टायर. तिन्हींत भार निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११५ म्हणजे १२१५. साइडवॉलवर चार आकडेही असतात, तेही वाचा: २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. भावाला फोन करून मी हवा भरायला लावली. त्याच्या नव्या एलटी टायरांच्या तक्त्यात त्याच्या भाराला ३५ सुद्धा कमी निघाले, म्हणून आता दारावरच्या स्टिकरशेजारी त्याने दुसरा आकडा लिहून चिकटवलाय.