नाळेतील रक्त हा बाळाचा आयुष्यभराचा विमा नव्हे

माझ्या भाचीला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवणाच्या आठवड्यातच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश येऊन पडला. बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवले तर त्यातील मूलपेशी (रक्ताच्या नव्या पेशी तयार करणाऱ्या ‘स्टेम सेल’) त्याला थॅलेसेमिया, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, स्वमग्नता (ऑटिझम), मधुमेह अशा 80 हून अधिक आजारांपासून आयुष्यभर वाचवतील, आई-वडील आणि आजी-आजोबांनाही त्यांचा उपयोग होईल, ही सोय सरकारमान्य आहे आणि संधी एकदाच, प्रसूतीनंतरच्या काही मिनिटांतच मिळते, असा त्याचा मजकूर होता. खाली पाऊण लाखाच्या घरातली रक्कम आणि हप्त्यांचा तक्ता. रात्री फोन करून भाचीने विचारले, “मावशी, नाही साठवलं आणि उद्या बाळाला काही झालं तर?” होऊ घातलेल्या आईच्या मनात ही भीती पेरूनच हा व्यवहार चालतो, म्हणून त्या संदेशातील दाव्यांना उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

यादीत पहिलाच आजार थॅलेसेमिया आहे आणि सर्वांत निराधार दावाही तोच आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा जनुकीय आजार आहे. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातील दोष आई आणि वडील या दोघांकडूनही आला की बाळाला थॅलेसेमिया मेजर हा त्याचा तीव्र प्रकार होतो, आणि तो दोष बाळाच्या शरीरातील प्रत्येक मूलपेशीत असतो, अर्थात नाळेतील रक्तातल्या मूलपेशींतही असतो. कीड लागलेले बियाणे कितीही जपून ठेवले तरी त्यातून निरोगी पीक उगवत नाही. त्याचप्रमाणे अशा बाळाला त्याचेच साठवलेले रक्त परत दिले तर पुन्हा तोच आजार मिळेल. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारालाही हेच लागू आहे. नाळेतील रक्ताचे जगातील पहिले प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी केले. फँकोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला तेव्हा त्याच्या नवजात, निरोगी बहिणीच्या नाळेतील रक्त देण्यात आले होते. ते त्याचे स्वतःचे रक्त नव्हते, आणि स्वतःचे असते तर त्याचा काहीही उपयोग झाला नसता.

इथे साठवणूक विकणाऱ्यांचे एक अर्धसत्य मला मान्य करावे लागते. जनुक-संपादनाने, म्हणजे पेशीतील जनुकात नेमका बदल करून, रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी दुरुस्त करता येतात, हे आता केवळ स्वप्न राहिलेले नाही. सिकलसेल आणि थॅलेसेमियावरील कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मान्यता दिली आणि पाठोपाठ अमेरिकेनेही दिली. परंतु त्यासाठी लागणाऱ्या मूलपेशी उपचाराच्या वेळी रुग्णाच्याच शरीरातून, औषध देऊन रक्तात उतरवून गोळा केल्या जातात. जन्माच्या वेळी साठवलेल्या पिशवीची त्यात गरजच पडत नाही. अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर ठरली, तेव्हा तो आपल्याकडच्या रुग्णांपर्यंत कधी आणि कसा पोहोचेल हा खरा नैतिक प्रश्न आहे; त्याचे नाव पुढे करून नाळेतील रक्ताची साठवणूक विकणे मला अप्रामाणिक वाटते.

थॅलेसेमियाची खरोखर काळजी असेल तर तपासणी साधी आहे. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांनी हिमोग्लोबिन ए-2 ची रक्ततपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी एक सदोष जनुक बाळगणारे, निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता 25 टक्के असते आणि पुढील तपासण्या वेळेत करता येतात. भारतात दरवर्षी सुमारे 10 हजार बाळे थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. इतके मोठे संकट ज्या तपासणीने टाळता येते तिचा त्या लांबलचक संदेशात उल्लेखही नव्हता.

ल्युकेमियाबद्दल थोडक्यात सांगते. मुलांमधील काही ल्युकेमियांत कर्करोगाकडे नेणारा जनुकीय बदल जन्मतःच रक्तात असतो, हे नवजात बाळांच्या टाचेतून घेऊन जपलेल्या रक्ताच्या थेंबांवरील अभ्यासांतून 1990 च्या दशकातच दिसून आले. त्यामुळे ल्युकेमियाच्या रुग्णाला प्रत्यारोपणाची वेळ आली तर डॉक्टर सहसा दुसऱ्या दात्याच्या मूलपेशी वापरतात. 80 आजारांच्या त्या यादीतील बहुतेक आजार असेच, दुसऱ्याच्या पेशींनी बरे होणारे रक्ताचे आणि प्रतिकारशक्तीचे आजार आहेत. आजी-आजोबांचे म्हणाल तर प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला साधारण अडीच कोटी पेशी लागतात. 100 कोटी पेशींची चांगली पिशवीही जेमतेम 40 किलो वजनाला पुरते. मधुमेहावर नाळेतील रक्ताचा कोणताही मान्य उपचार आज नाही.

स्वमग्नतेचा दावा मात्र मला क्रूर वाटतो, कारण थकलेल्या पालकांच्या आशेवर तो उभा आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात 180 मुलांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नाळेतील रक्त दिलेल्या मुलांच्या सामाजिक वर्तनात औषधाविना द्रव दिलेल्या मुलांपेक्षा ठोस सुधारणा आढळली नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळानेही डिसेंबर 2022 मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले.

राहिला ‘सरकारमान्य’ हा शिक्का. नाळरक्त पेढ्यांना औषध नियामकाचा परवाना लागतो, हे खरे आहे; पण तो परवाना रक्त गोळा करण्याच्या, तपासण्याच्या आणि साठवण्याच्या पद्धतीसाठी असतो, आजार बरा होण्याच्या आश्वासनासाठी नसतो. सरकारी भूमिका वाचायचीच असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मूलपेशी संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत. भविष्यात स्वतःच्याच वापरासाठी नाळेतील रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही आणि त्यामुळे या प्रथेबद्दल नैतिक व सामाजिक प्रश्न उभे राहतात, असे त्यांत म्हटले आहे. घरातील मोठ्या मुलाला या पेशींनी बरा होऊ शकणारा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर मात्र साठवणूक सुचवली आहे. अशा कुटुंबाने ती अवश्य करावी. माझ्या भाचीचे हे पहिलेच बाळ आहे.

आता त्या ‘काही मिनिटां’विषयी, कारण प्रत्यक्ष अपाय होण्याची भीती तिथे आहे. बाळ जन्मल्यावर वारेतील रक्त नाळेवाटे बाळाकडे वाहत राहते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नये, असे सांगते. या उशिरामुळे बाळाला जास्तीचे रक्त मिळते आणि त्याच्या शरीरातील लोहाचा साठा पुढचे काही महिने चांगला राहतो. पिशवीत अधिक रक्त भरायचे तर नाळ लवकर बांधण्याचा मोह होतो, कारण बाळात गेलेले रक्त पिशवीत येणार नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 6 ते 59 महिन्यांच्या 67.1 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. अशा देशात, कधी लागेल याची शाश्वती नसलेल्या पिशवीसाठी बाळाला आत्ता, जन्मतःच लागणारे रक्त अडवणे मला अजिबात पटत नाही. भाचीला मी प्रसूतितज्ज्ञांशी याच एका गोष्टीबद्दल आधी बोलून घ्यायला सांगितले आहे.

सर्वांच्या पिशव्या एकत्र ठेवून गरजूला देण्याची नवी योजनाही हल्ली सांगितली जाते. एकमेकांना पेशी देण्याची कल्पना तत्त्वतः चांगली आहे, हे मी नाकारत नाही. मात्र ती पैसे भरणाऱ्या सभासदांपुरतीच ठेवली तर ज्यांच्याकडे पाऊण लाख नाहीत त्यांची आजारी मुले बाहेरच राहतात. चेन्नईच्या दात्रीसारख्या नोंदणी संस्थेत निरोगी प्रौढ व्यक्तीला गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देऊन मूलपेशीदाता म्हणून नाव नोंदवता येते. त्यासाठी बाळाच्या जन्माची वाट पाहावी लागत नाही, आणि त्या पेशी कोणत्याही सभासदत्वाची अट न ठेवता जुळणाऱ्या रुग्णाला देता येतात.