ऑनलाइन भीती वाटत नाही म्हणे!

जळगाव-धुळ्याकडच्या आरपीजी (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन बोलत बोलत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भयाचा खेळ एका खोलीत, दिवे मालवून बसल्याशिवाय रंगत नाही, ऑनलाइन म्हणजे बिनमिठाचं भरीत. त्यात आधीच ‘हे नको, ते नको’ अशी यादी केली की उरलीसुरली भीतीही गेली. मोठ्यांचा खेळ म्हटल्यावर सगळं चाललंच पाहिजे. आणि लाईट गेली की सेशनचा निकाल लागला.

खोलीचा मुद्दा अर्धा खरा आहे. ‘ड्रेड’मध्ये फाशांऐवजी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, ठोकळा ओढताना हात कापतो, तीच भीती. ‘टेन कँडल्स’ला दहा खऱ्या मेणबत्त्या लागतात. हे दोन खेळ ऑनलाइन न्यायच्या भानगडीत पडू नये. पण १९८१ पासून चालत आलेला ‘कॉल ऑफ क्थुलू’ घ्या. तिथे भीती सॅनिटीच्या, म्हणजे कॅरेक्टरचं (खेळाडूच्या पात्राचं) डोकं किती ठिकाणावर आहे ते सांगणाऱ्या, आकड्यांत मुरलेली आहे. सातव्या आवृत्तीत एका फटक्यात ५ किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा रोल करायचा (बुद्धीच्या आकड्यासाठी फासे टाकायचे), आणि तो यशस्वी झाला तर वेडाचा झटका येतो! कारण जे पाहिलं त्याचा अर्थ कॅरेक्टरला पुरता उमगला. मठ्ठ सुटतो, हुशार अडकतो. याला खोली कशाला लागते?

उलट ऑनलाइनमध्ये एक सोय जास्त आहे. टेबलावर एकाला चिठ्ठी सरकवली की बाकीच्यांना दिसते. खासगी मेसेज दिसत नाही. समजा रात्रीच्या पाळीची लाईट आली म्हणून चौघं केळीच्या बागेत पाणी द्यायला निघालेत. त्यातल्या एकालाच लिहा: ‘मागे पाचवी बॅटरी चालतेय.’ बाकीच्यांना चारच दिसतात. तो सांगतो की गप्प बसतो, यावर पुढचा अर्धा तास तंग जातो.

मग ऑनलाइन सेशन पडतं का? पडतं, आणि बहुतेकदा आवाजाच्या सेटिंगमुळे. डिस्कॉर्ड या बोलायच्या ॲपमधलं नॉइज सप्रेशन (आजूबाजूचा आवाज गाळणारी सोय) कुजबूज, श्वास, दार करकरणं हा सगळा कचरा समजून कापून टाकतं. जीएमने (गोष्ट चालवणाऱ्याने) ते बंद करावं, माइकची आपोआप ठरणारी सेन्सिटिव्हिटीही (किती मोठा आवाज झाला की पकडायचा ती मर्यादा) बंद करून हाताने खाली आणावी. खेळाडूंनी मात्र पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) ठेवावं, नाहीतर कुणाच्या तरी घरातला कुकर ऐन वेळी शिट्टी देतो. दुसरी अडचण शांततेची. पाच-सहा सेकंद कुणी बोललं नाही की ‘हॅलो, आवाज येतोय का?’ ठरलेलं. म्हणून खाली रातकिड्यांचा किंवा मोटारीच्या घरघरीचा ट्रॅक अगदी बारीक चालू ठेवायचा. लाईन चालू आहे हे सगळ्यांना कळतं, आणि तो अचानक थांबवला की काय होतं ते करूनच पाहा. खेळाडू तीन ते चार, वेळ अडीच तास, मध्ये दहा मिनिटं सुट्टी. पाचवा आला की प्रत्येकाची पाळी लांबते आणि लोक मोबाइल चाळायला लागतात.

आता यादी. समोर बसलेल्याचा उतरलेला चेहरा दिसतो. ऑनलाइन कॅमेरा बंद असेल तर काहीच दिसत नाही, म्हणून इथे यादी जास्तच लागते. पहिल्या सेशनआधी दहा-बारा विषयांचा गुगल फॉर्म पाठवा, ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवून. प्रत्येक विषयापुढे तीन पर्याय: चालेल, पडद्याआड चालेल, अजिबात नको. ‘पडद्याआड’ म्हणजे घटना घडते, वर्णन होत नाही. शिवाय खेळताना कुणीही जीएमला नुसतं ‘X’ पाठवलं की प्रसंग तिथेच तोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

आपल्याकडे त्या यादीत ‘डाकीण’ हा विषय वेगळा लिहावाच. सातपुड्याच्या पट्ट्यात हा शब्द लावून खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे. राज्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. कुणाच्या गावात हे घडलेलं असू शकतं. तरी घ्यायचंच असेल तर डाकीण खरी निघू देऊ नका. तिला दगड मारायला निघालेला गाव दाखवा आणि खेळाडूंना त्या गर्दीत उभं करा. सगळं चाललंच पाहिजे म्हणणाऱ्यांनी हे एकदा खेळून बघावं. बादलीभर रक्तापेक्षा हे जास्त झोंबतं. अंधारातून फक्त ‘कोन शे रे भो?’ एवढं अहिराणीत आलं तरी पुरतं. आवाज ओळखीचा असतो, माणूस नसतो.

अठराखालचं कुणी नको आणि हेडफोन सक्तीचा, हे वेगळं सांगायला नको. घरात आजी झोपलेली असते.

राहिली लाईट. राउटरला छोटा यूपीएस लावा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. तरीही कुणी तुटलाच, तर तीन मिनिटं थांबा, मग त्याचं कॅरेक्टर ‘अंधारात मागे राहिलं’ म्हणून पुढे चला. गैरहजेरीत त्याला मारायचं नाही. तो परत आला की मधल्या वेळात त्याने काय पाहिलं ते त्याला एकट्यालाच लिहून पाठवा.