छंदाचे कसले पैसे घेता?

काल सकाळी ठाण्याला नऊ नंबरवर वाशी गाडीची वाट बघत होते. ऑफिसातली एक मुलगी गर्दीतून वाट काढत आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही ते मोडीतले जुने कागद वाचायचं काम ऑनलाइन घेता ना? मलाही साइडला काहीतरी सुरू करायचंय. कुठलं ॲप चांगलं?" दिघा गाव गेलं, ऐरोली आलं, तरी मी बोलतेच आहे. ती बिचारी मान हलवत होती. तेवढ्यात मावलं नाही म्हणून इथे लिहिते. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी माझं सांगते. राहते कळव्याला, ऐरोलीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वय ४६. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत मोडीतल्या, म्हणजे पूर्वी मराठी लिहायला वापरत त्या लिपीतल्या कागदांचं एक बाड होतं. घरात कुणालाच ते वाचता येईना, म्हणून आठ वर्षांपूर्वी शनिवार-रविवारचा मोडीचा वर्ग लावला. पेटीत खजिन्याचा नकाशा वगैरे काही नव्हता, बहुतेक कर्जाच्या पावत्या निघाल्या. पण लिपी हाताला बसली. मग कुणाचा कागद वाचून दे, कुणाच्या दारावरच्या पाटीसाठी नाव मोडीत लिहून दे, असं सुरू झालं. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा विषय पेटला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि लोकांनी घरोघरी माळे उपसायला घेतले. जुन्या नोंदी बऱ्याच मोडीत आणि वाचणारे मोजके. माझा नंबर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत राहिला. त्या दिवाळीत पहिल्यांदा पगाराबाहेरचे पैसे हातात आले.

पैसे आले खरे, पण आधी एक फटका बसला. दूरच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ३८ पानांचे फोटो पाठवले. "तुम्ही आधी वाचून तर बघा, बाकीचं मग बोलू." मी पण हो म्हटलं, कारण समोरच्याला आकडा सांगायचा म्हणजे माझी जीभच टाळ्याला चिकटायची. अकाउंट्समध्ये दिवसभर लोकांच्या बिलांचा पाठपुरावा करणारी बाई मी, पण स्वतःचं बिल मागायचं म्हटलं की घाम फुटायचा. तीन आठवडे रात्री जागून सगळं टाइप केलं, पीडीएफ पाठवली. उत्तर आलं: हात जोडलेले दोन इमोजी. चार दिवसांनी धीर करून मानधनाचं विचारलं, तर म्हणाले, "अहो, तुमचा तर हा छंद आहे ना? छंदाचे कसले पैसे घेता?"

वाईट पैशाचं नाही वाटलं. वाईट याचं वाटलं की क्षणभर मलाही ते पटलं.

म्हणून त्या मुलीला म्हटलं, ॲपचं नंतर बघ, आधी तुझा दर मोठ्याने बोलून बघ. आरशासमोर, नवऱ्यासमोर, कुणासमोरही. आपल्याकडे गाणाऱ्याला "एक गाणं होऊन जाऊ दे", चित्र काढणाऱ्याला "माझं एक स्केच काढ ना", रांगोळीवालीला "तू पाच मिनिटांत काढशील" म्हणताना कुणाला काही वाटत नाही. गडकरी रंगायतनला तिकीट काढून जाणारी माणसंसुद्धा घरातल्या गायिकेकडून बारशाला फुकट पाळणा म्हणवून घेतात. आणि आपणही "छे, पैसे कसले!" म्हणून मोकळे होतो. वर त्याला मोठेपणा समजतो. ऑनलाइन आल्यावर हीच सवय महागात पडते, कारण तिथे मागणारे चार नसतात, चारशे असतात.

आता माझा दर ठरलेला आहे. नुसतं लिप्यंतर पानाला ३००, अर्थासकट ५००. निम्मे पैसे आधी यूपीआयने, उरलेले पीडीएफच्या आधी. पहिल्या मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट सांगते, की कोर्टाच्या किंवा सरकारी कामासाठी मान्यताप्राप्त मोडी जाणकाराकडूनच करून घ्यावं लागतं. माझं वाचन घरच्या माहितीसाठी. यावर निम्मे लोक गळतात. गळू देत. उरलेले भांडत नाहीत.

पानाला ५०० जास्त वाटतात ना? एक पान कसं वाचतात ते सांगते. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, अशी पद्धत. शब्द तोडलेले नसतात, पूर्णविराम नसतो. वेलांटी बहुतेक दीर्घच आणि उकार ऱ्हस्वच, त्यामुळे सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा, हे मागच्यापुढच्या मजकुरावरून ठरवायचं. वर्ष लिहिलेलं असतं शुहूर सनात, म्हणजे जुन्या दफ्तरातल्या कालगणनेत. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिन्यावर ठरतं, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. शक असेल तर ७८ किंवा ७९. आणि हे सगळं बघायचं कशावरून, तर लॅमिनेट केलेल्या कागदाचा ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो. बरोब्बर नावावर उजेडाची पांढरी पट्टी! (जुने कागद लॅमिनेट करू नका हो. ते प्लॅस्टिक नंतर निघत नाही, कागद मात्र निघतो.) एक नाव लावायला मला कधी पाच मिनिटं लागतात, कधी दोन रात्री.

"हे आता एआय फुकटात करतं," असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी ऐकवतं. मी एक पान टाकून बघितलं. अतिशय सुबक, अस्खलित मराठी मजकूर आला. कागदात त्यातलं काहीच नव्हतं. पुढे सुधारेलही, मी कुठे ताम्रपट घेऊन आले आहे. पण आज तरी लोक माझ्याकडे येतात ते "इथे अक्षर लागत नाही" असं मी लिहून देते म्हणून.

दुसरं उदाहरण घणसोलीत राहणाऱ्या एकाचं. आमच्याच ऑफिसात आयटीला एक मुलगा आहे, तबला उत्तम वाजवतो. त्याने यूट्यूब चॅनल काढलं, आणि मीही काढलं होतं मोडी शिकवायचं. माझे सबस्क्रायबर ३११, त्याचे साडेसहाशे. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हवेत १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं वॉच टाइम, नाहीतर शॉर्ट्सचे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यू. त्यानंतर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपले. मोडीच्या बाराखडीला एक कोटी व्ह्यू मिळायला मला दुसरा जन्मही पुरायचा नाही. आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये बसून हा हिशेब मांडला आणि मिसळ मागवली.

पण त्याच चॅनलवरचा पेशकार या तबल्यातल्या रचनेचा एक व्हिडिओ बघून कॅलिफोर्नियातल्या एका मराठी आईने त्याला मेसेज केला, मुलाला शिकवाल का म्हणून. आज त्याच्याकडे तिकडची पाच मुलं आहेत. तिकडे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसहा. पहिल्या वर्षी हे त्याच्या लक्षातच आलं नाही, तासभर एकटाच कॅमेऱ्यासमोर बसून होता. पहाटे तबला म्हटल्यावर खालच्या मजल्यावरचे काका वर आलेच. मग तबल्याखाली दुहेरी गादी, खिडक्या बंद, आणि काकांना दिवाळीला मिठाईचा डबा. झूमचं ते "ओरिजिनल साउंड" चालू केलं नाही तर ॲप बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा घुमारा गोंगाट समजून कापून टाकतं, हे त्याला दोन महिन्यांनी कळलं. आणि आवाज थोडा उशिराने पोचतो, म्हणून शिष्याबरोबर एकत्र वाजवता येतच नाही. लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, शिष्याने त्याच्याकडे लावायचा आणि याने नुसतं ऐकायचं. ही शिकवायची पद्धत त्याला स्वतःला बसवावी लागली. ती पाच मुलं टिकलीत या कष्टांमुळे, सबस्क्रायबरांचा त्यात काही हात नाही.

म्हणजे व्हिडिओ टाकू नका का? टाका. पण दुकानाची पाटी म्हणून टाका, गल्ला म्हणून नको. नवऱ्याचा भाचा फायव्हर या कामं मिळवून देणाऱ्या साइटवर लोगो करतो. तिथे गिऱ्हाईक ते लोक आणून देतात, म्हणून शंभरातले वीस कापून घेतात. त्याला ते परवडतं, कारण त्याला कुणी ओळखत नाही. माझं गिऱ्हाईक तोंडी सांगण्यावरून येतं, मला ते वीस द्यायची गरज नाही. शेजारच्या काकू गोडा मसाला करून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात. त्यांना खाद्यपदार्थ विकायला लागते ती एफएसएसएआयची सरकारी नोंदणी मीच करून दिली. तेव्हा उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत असेल तर वर्षाला १०० रुपये लागायचे. काकू म्हणाल्या, "एवढ्याला तर जांभळी नाक्याला पिशवीभर भाजीही येत नाही."

आता जे टाळायचं ते. टेलिग्रामवर "व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या, रोज दोन हजार कमवा" असा मेसेज आला तर तो उघडूच नका. माझ्या जावेला पहिल्या दिवशी खरंच १५० रुपये आले. मग "प्रीपेड टास्क" म्हणून तिनेच भरत भरत ९ हजार घालवले. काम देणारा तुमच्याकडून पैसे मागतो तेव्हा ते काम नसतं, इतकं साधं आहे. असं झालं तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात. तिने चार दिवस कुणाला सांगितलंच नाही, भावोजी रागावतील म्हणून.

अकाउंट्सवाली आहे म्हणून एक रुक्ष गोष्ट. हे उत्पन्नच आहे, रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, यूपीआयने आलं म्हणून ते बक्षीस होत नाही. वेगळं खातं काढा, वहीत तारीखवार लिहा. नोकरी करत असाल तर नेमणूकपत्र एकदा नीट वाचा, बाहेरचं काम चालतं का ते. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, परवानगीशिवाय खासगी धंद्यात पडू नका. मी एचआरला मेल टाकून लेखी उत्तर घेऊन ठेवलंय. मेल पाठवताना हात थरथरत होते, त्यांनी दोन ओळींत "चालेल" लिहिलं.

मिळतात किती, हे सगळ्यांना विचारायचं असतं आणि कुणी विचारत नाही. सांगते. चांगल्या महिन्यात सात-आठ हजार, पावसाळ्यात कधी हजारसुद्धा नाही. नोकरी सोडावी असं यात काही नाही. लेकीच्या क्लासची फी निघते, आणि राम मारुती रोडला गेले तर किंमत न बघता एक कुर्ता घेता येतो. किंमत बघतेच, सवय आहे. पण नाही बघितली तरी चालतं.

परवा रात्री साडेदहाला एक फोटो आला. साताऱ्याकडचा कुणी मुलगा. "ताई, एकच ओळ आहे. पणजोबांच्या नावापुढे काहीतरी चिन्ह आहे, ते अक्षर कुणालाच लागत नाहीये. किती पाठवू?" बघा, आकडा त्याने आपणहून विचारला. फोटो मोठा करून बघितला. नाव होतं, बापाचं नाव होतं, पुढे "निशाणी" असा शब्द आणि मग ते चिन्ह. एक आडवी रेघ, एक तिरकी, टोकाला छोटा फाळ.

मी लिहिलं, "ते अक्षर नाही. नांगर आहे. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा. ती तुमच्या पणजोबांची सही आहे. याचे पैसे नाहीत."

बराच वेळ "टायपिंग" दिसत होतं. मग बंद झालं. मग पुन्हा.

"थँक यू ताई. कागदाची मागची बाजूपण आहे."

"तिचे पाचशे," मी लिहिलं.