जिन्याखालचा

परवा रविवारी लेकीला आमचा वाडा दाखवायला शनिवार पेठेत घेऊन गेलो, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या गल्लीत. वाडा आता नाहीये हे मला माहीत होतं, तो पाडून बरीच वर्षं झाली, तिथे पाच मजली बिल्डिंग आहे आणि पाच मजल्यांना नाव 'हाइट्स'. म्हटलं निदान जागा तरी दाखवू. तर गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाडी नंबर, कोणाकडे, काम. मी म्हटलं, कोणाकडे नाही हो, मी इथेच लहानाचा मोठा झालोय. तो म्हणाला, "फ्लॅट नंबर?"

आता काय सांगणार, आमच्या खोलीला नंबर नव्हताच. 'जिन्याखालचे' एवढाच पत्ता, आणि पोस्टमनला तेवढा पुरायचा.

तेवढ्यात पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले एक आजोबा, अंगात बंडी, चष्मा कपाळावर, पेपर खाली न घेताच म्हणाले, "पानशेतच्या आधीचे का नंतरचे?"

12 जुलै 1961 ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि त्या दिवसापासून इथल्या जुन्या माणसांचं कॅलेंडर सुरू होतं. मुंज पानशेतच्या आधी, लग्न पानशेतनंतर, असं. माझा जन्मच मुळात 1976 चा.

"नंतरचा," मी म्हटलं.

"मग वाडा काय पाहिलात तुम्ही!" असं म्हणून त्यांनी पान उलटलं. म्हणजे मी इथे काढलेली अठरा वर्षं हिशेबातच नाहीत. माझं डोकं तिथेच फिरलं, तरी शांतपणे म्हटलं, "आम्ही जिन्याखाली राहायचो."

आता पेपर खाली आला. चष्मा नाकावर आला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून झालं. "जिन्याखालचा? म्हणजे माईंची लोणच्याची बरणी फोडलीस तो तू!"

बघा, 'तुम्ही'चा 'तू' झाला तो कशावर.

"मी नाही फोडली, आजोबा."

"फोडणारा कधी म्हणतो का मी फोडली?"

"मी अंपायर होतो!"

"मग नो बॉल द्यायचा होतास."

याला काय उत्तर देणार? ती बरणी मला आजही दिसते. चिनी मातीची, दादरा बांधून चौकात उन्हाला ठेवलेली, आणि त्या शॉटनंतर फरशीवर पसरलेला तो लाल खार, कैरीच्या फोडी, आडापर्यंत गेलेला ओघळ. फटका मारला होता मालकांच्या पुतण्याने. पण मालकांच्या पुतण्याला कोण बोलणार, म्हणून जिन्याखालच्याला धपाटा. चाळीस वर्षं झाली, आणि या गल्लीत माझी शिल्लक राहिलेली एकमेव आठवण ही, तीसुद्धा दुसऱ्याच्या नावावरची.

वाडा संस्कृती म्हणून व्हॉट्सॲपवर जे गहिवर येतात ना, ते वाचताना मीसुद्धा डोळे पुसतो, खोटं कशाला बोलू. पण नऊ बिऱ्हाडं आणि दोन संडास होते, सकाळी बालदी घेऊन रांगेत उभं राहिलं की शेजारधर्म किती टिकतो ते मला विचारा. भाडं अठरा रुपये. 1947 च्या भाडेकायद्याने ते जे गोठलं ते गोठलंच, मग अठरा रुपयांत मालक भिंतीला गिलावा कशाला करतायत, आणि जागा आपली नाही म्हटल्यावर भाडेकरू तरी खिशातले कशाला घालतायत. दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि मधल्यामधे माती भिजत राहिली. शेवटी बिल्डर आला. पुतण्याला वरचे दोन फ्लॅट मिळाले म्हणे. आमच्या बाबांना जे मिळालं त्यात धायरीला वन रूम किचन आलं, आणि तिथून कॉलेजला यायला मला दोन बस बदलाव्या लागायच्या. असो. असो म्हणतोय, पण तेवढं असो नाहीये ते.

लेकीला म्हटलं, ते बघ, तिथे आड होता. तिथे बी-4 ची पांढरी गाडी उभी होती, कव्हर घालून. तिने गाडीचा फोटो काढला.

सगळ्यात वाईट म्हणजे ते आजोबा कोण हे मला काही केल्या आठवेना. माडीवरचे? मागच्या पडवीतले? विचारलं असतं तर "ओळखलं नाहीस ना?" म्हणून अजून अर्धा तास गेला असता, म्हणून नुसतं "बराय, येतो" म्हटलं आणि निघालो.

गेटवर वॉचमनने रजिस्टर परत पुढे केलं, आउट टाइम टाका म्हणाला. आत सोडलं कधी होतं, विचारायचं राहिलंच. 'काम'चा रकाना मी मोकळा ठेवला होता, तो त्याने स्वतःच्या अक्षरात भरलेला. 'बरणी'.

"बाबा, खरंच तू फोडली होतीस?" लेक गाडीवर बसता बसता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात पेपरमागून आवाज आला, "चार किलोची होती!"