चपलांच्या अंत्ययात्रेबद्दल खुलासा

तृतीयपंथीयांच्या दुःखाची, सुडाची, प्रेमाची एक अंगावर येणारी कादंबरी नागपुरात बरेच जण वाचताहेत. तिच्यातल्या अंत्ययात्रेचा उतारा जोडून ‘हे लोक मध्यरात्री प्रेताला चपलांनी मारत नेतात’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. हे खोटं आहे. ही ऐकीव गोष्ट फार जुनी. तृतीयपंथी माणसांनीच ती जाहीरपणे नाकारलीय. अंत्यसंस्कार ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे होतात, कुणाचं दहन, कुणाचं दफन. रक्ताचं घर अनेकांना आधीच तुटलेलं, म्हणून रडायला, खांदा द्यायला बहुधा त्यांच्याच समाजातले गुरू आणि चेले असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयलिंगी ओळख मान्य केली. आपण मात्र त्यांच्या मयतीचीही विटंबना रंगवतो, याचा मला संताप येतो. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.