स्वयंसेवक कमी नव्हते, माहिती कमी होती

मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, ब्रिटनच्या आरोग्यसेवेने अडीच लाख स्वयंसेवक हवेत म्हणून आवाहन केलं. काही दिवसांतच साडेसात लाख लोकांनी नावं दिली, शेवटी नोंदणी थांबवावी लागली. पुढे गंमत अशी, की सुरुवातीचे काही आठवडे त्यातल्या अनेकांना एकही काम मिळालं नाही. ॲप चालू, माणूस तयार, काम येईना. त्याच वेळी तिथल्या गल्ल्यांमध्ये लोकांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढले, शेजाऱ्यांच्या दारातून नाव आणि नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या सरकवल्या आणि औषधं, किराणा पोचवायला लागलेसुद्धा.

म्हणून महामारीतल्या मदतीचा विषय निघाला की लोक लगेच माणुसकीवर येतात, ते मला पटत नाही. माणुसकी भरपूर होती हो! कमी पडली ती माहिती. कुठल्या घरात एकटी आजी राहते, कोणाचं इन्सुलिन संपत आलंय, कोणाला कमी ऐकू येतं म्हणून फोन करून उपयोग नाही, दारच वाजवायला हवं (वाजवून चार पावलं मागे सरकायचं, हेही तेव्हाच शिकलो आपण सगळे). आणि मदत लागत असूनही मेलं तरी मागणार नाही असं कोण आहे? हे कुठल्याही सरकारी यादीत सापडत नाही. त्या वस्तीत वर्षानुवर्षं राबणाऱ्या संस्थेतल्या एखाद्या ताईला मात्र ते तोंडपाठ असतं. अनोळखी माणसाला कोणी दार उघडत नाही, तिला उघडतात. औषधासाठी पैसेही विश्वासाने हातात देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या लाटेतले बरेच स्वयंसेवक कामधंदा बंद म्हणून मोकळे होते. कचेऱ्या उघडल्या, ते परतले. त्यांना दोष कसा देणार? मागे राहिल्या त्या आधीपासूनच्या संस्था, थकलेल्या आणि कर्जात. त्यांना 'योद्धा' म्हणून टाळ्या भरपूर मिळाल्या. मास्क आणि विमा मात्र अनेकांना स्वतःच बघावा लागला.

देणगीदारांचंही एक कोडंच आहे. शिध्याच्या पाकिटांना पैसे देतील, कारण त्याचा फोटो निघतो. फोन घेणाऱ्या, याद्या सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला 'प्रशासकीय खर्च' म्हणून कात्री लावतील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. महामारीत केलेल्या याद्यांमधले लोक आता घरं बदलून गेलेत, नंबर बदललेत. त्या दरवर्षी तपासायला एक पगारी माणूस लागतो, आणि तो पगार पालिकेने आपल्या अंदाजपत्रकातून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.