आरशामागची ती डबी : "तुमच्यामुळे दोनदा टोल भरला" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आधी जरा रागच आला, मग माझीच जुनी पोस्ट उघडून बघितली तर चूक माझी निघाली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मी लिहिलं होतं की अमेरिकेत रेंटल गाडी घेताना स्वतःचा ईझीपास (आपल्या फास्टॅगसारखा, खात्यातून आपोआप टोल कापणारा टॅग) बरोबर न्या, ह्यांनी फ्लोरिडात तसं केलं, तरी रेंटल कंपनीने टोल कापलाच आणि वर टोल हाताळल्याबद्दल रोजची फी लावली. शेवटी ह्यांचं म्हणणं, "मॅपवर टोल टाळा हे बटण दाबलं की विषय संपतो, एवढं पाल्हाळ कशाला?"

पाल्हाळाचा आरोप मान्य, ती सवयच आहे. पण तुमचा पास तिथे चालला नाही असं झालेलं नाही, 2021 पासून फ्लोरिडाच्या टर्नपाइकवर, म्हणजे तिथल्या मोठ्या टोलरस्त्यावर, ईझीपास चालतो. गडबड बहुतेक डबीची आहे. समोरच्या काचेवर, मधल्या आरशाच्या मागे, बऱ्याच रेंटल गाड्यांना एक छोटी प्लास्टिकची डबी चिकटवलेली असते, तिला सरकतं झाकण असतं. आत कंपनीचा टॅग. झाकण उघडं असलं की रस्त्यावरची टोलची कमान तो टॅग वाचते, पूर्ण बंद केलं की वाचत नाही. तुमचा टॅग काचेवर आणि ही डबी अर्धवट उघडी, म्हणजे एका गाडीत दोन टॅग झाले की हो! आधीचा माणूस उघडी ठेवून गेलेला असतो आणि आपण पार्किंगमध्ये सीट मागेपुढे करण्यात, फोन जोडण्यात गुंग. हे मी पोस्टमध्ये लिहिलंच नव्हतं, त्याबद्दल सॉरी.

दुसरी गोष्ट लिहिली होती पण एका ओळीत, म्हणून कुणी वाचली नसणार. नुसता टॅग नेऊन भागत नाही, कधी कधी टॅग वाचला जात नाही आणि कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो, आणि प्लेट कंपनीच्या नावावर. म्हणून गाडी हातात आली की ती प्लेट आपल्या ईझीपास खात्यात घालायची, गाडी परत केली की लगेच काढायची, नाहीतर पुढच्या माणसाचा टोल तुम्ही भरत बसाल.

आता ते बटण. मीही दाबतो, लांबच्या रस्त्याला काही बिघडत नाही. पण न्यू जर्सीतून मॅनहॅटनला जायचंय आणि टोल टाळायचाय तर मधल्या हडसन नदीवरचा फुकटातला पूल थेट ऑल्बनी शहराच्या बाजूला, म्हणजे दोनेकशे किलोमीटर वर, मग करा हिशोब पेट्रोलचा. आणि एक वळण चुकलं की मॅप काही तुमच्या वतीने पैसे भरत नाही. खरा मार टोलचा नसतोच, फीचा असतो. काही कंपन्या ज्या दिवशी टोल लागला त्याच दिवसाची फी घेतात, काही पहिला टोल लागला की भाड्याच्या सगळ्या दिवसांची, गाडी हॉटेलखाली उभी असली तरी. काउंटरवर सही करण्याआधी एवढंच विचारायचं, "फी वापरलेल्या दिवसाची की सगळ्या दिवसांची?"

मी स्वतः कसा फसलो तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट ब्रिजवर 2013 च्या मार्चपासून रोख घेतच नाहीत, टोल फक्त शहराकडे येताना लागतो, आणि पूल ओलांडल्यावर 48 तासांत प्लेट नंबर टाकून ऑनलाइन भरता येतो. मी त्याच रात्री भरला, पावती सेव्ह केली, स्वतःवर खूष. दीड महिन्याने कार्डावर टोल अधिक फी! झालं असं होतं की गाडी कॅलिफोर्नियात घेतलेली पण प्लेट ॲरिझोनाची, आणि मी फॉर्ममध्ये राज्य बदललंच नव्हतं. नंबर बरोबर, राज्य चूक. फी काही परत मिळाली नाही. (तिथे ईझीपास चालत नाही हेही मला तिथे पोचल्यावरच कळलं, कॅलिफोर्नियाचा फास्टट्रॅक वेगळा.)

पुन्हा ऑर्लँडोला उतरलात तर विमानतळावर व्हिजिटर टोल पास मिळतो, रेंटल गाड्यांसाठीच केलेला. आरशाला अडकवायचा, जेवढा टोल तेवढेच पैसे, जाताना तिथल्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकायचा. हा मात्र मी पोस्टमध्ये घालायलाच हवा होता.

सध्या तुम्ही एक करा. तुमच्या ईझीपास खात्याचं स्टेटमेंट काढा, कंपनीच्या बिलावरचे टोल त्याच्या शेजारी ठेवा, जिथे कमान, तारीख, वेळ जुळतेय तिथे खूण करा आणि दोन्ही कागद कंपनीला पाठवा. टोल परत मागायला तेवढा पुरावा बास आहे, आणि तो एकदा मान्य झाला की मग फीवरून भांडा, आधी नको. काय उत्तर येतं ते इथेच लिहा, डबीचा परिच्छेद मी आज पोस्टमध्ये वरच टाकतोय.